जुळ्या एसयू कार्बोरेटरची एमजीबी मिसिंग करते तेव्हा

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, आणि एसयू हे तिच्या कार्बोरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, नाव. आधी लक्षणं. सकाळी चोक ओढला की गाडी पहिल्या स्टार्टरला सुरू होते. पाच-सहा मैल जाऊन इंजिन नीट तापलं, की सिग्नलला आयडलिंग झोके घ्यायला लागतं. हजार, सातशे, परत हजार, मग एक ढास आणि गाडी बंद. सिग्नल सुटल्यावर पाय दाबला तर क्षणभर काहीच होत नाही, कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो आणि मग गाडी उडी मारते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्के बसतात. काही गाड्यांचं नेमकं उलट असतं: काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेले प्लग, आणि किल्ली काढून घेतल्यावरही इंजिन चार ठोके मारूनच थांबणार.

सगळ्यांत ओळखीचं लक्षण मात्र वेगळंच आहे. गेल्या महिन्यात कुणीतरी मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ‘सेट’ करून दिलं होतं, आठवडाभर गाडी छान पळाली, आणि आता परत पहिले पाढे पंचावन्न.

मी इंग्लंडात वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो. माझ्याकडे १९६७ ची एमजीबी रोडस्टर आहे आणि हा आजार मी माझ्या आणि मित्रांच्या गाड्यांवर इतक्यांदा बघितलाय की मोजणं सोडून दिलंय. पहिल्यांदा तिचं बॉनेट उघडलं तेव्हा ओळखीचा चेहरा दिसला. लहानपणी कोल्हापुरात काकांची ॲम्बॅसिडर होती. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि हे १७९८ सीसीचं, दोघं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरीजमधले भाऊ. फरक एवढाच की इथे एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसलेले. त्या ‘दोन’मुळेच सगळी भानगड होते.

पुढचं सगळं दीड इंची एचएस४ (एसयूचं एक मॉडेल) जोडीबद्दल आहे. १९६२ पासून सुमारे दहा वर्षं एमजीबीला हीच जोडी होती. त्यानंतरच्या एचआयएफ४ मध्ये फ्लोट कार्बच्या पोटात गेला आणि मिक्स्चरचा स्क्रू बाजूला आला, बाकी तत्त्व तेच. तुमच्या गाडीला एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब असेल तर ती अमेरिकेसाठी बनलेली, १९७५ च्या सुमाराची किंवा नंतरची गाडी. तिच्यात पिस्टनभोवतीचा रबरी पडदा फाटलाय का, हे सगळ्यात आधी बघा.

पाना हातात घेण्यापूर्वी: प्लग

बी-सीरीजच्या हेडमध्ये सिलिंडर चार, पण हवा आत घ्यायची तोंडं दोनच. पुढचा कार्ब मुख्यतः १ आणि २ नंबरला पाजतो, मागचा ३ आणि ४ नंबरला. मधे बॅलन्स पाइप आहे, त्यामुळे वाटणी अगदी काटेकोर नसते, पण निदानाला पुरते.

दहा-बारा मैल पळवून आणा, किल्ली बंद करा, चारही प्लग काढून क्रमाने कापडावर मांडा. १ आणि २ काळे, ३ आणि ४ बिस्किटाच्या रंगाचे असतील तर पुढचा कार्ब जास्त पेट्रोल देतोय. एखादी जोडी पांढरट असेल तर तो कार्ब उपाशी आहे, किंवा कुठूनतरी हवा घेतोय. चारही एकसारखे काळे असतील तर एअर फिल्टर आणि चोक बघा. आणि चारातला एकच प्लग वेगळा दिसत असेल, तर कार्बला हात लावू नका. एका कार्बला दोन सिलिंडर असताना बिघाड एकाच सिलिंडरपुरता कसा राहील? तो दोष प्लगचा, वायरीचा, टॅपेटचा, नाहीतर व्हॉल्व्हचा. ही दहा मिनिटं वाचवायला जाऊन लोक अख्खा रविवार घालवतात.

फुकटातल्या तपासण्या

चोक पूर्ण आत ढकला आणि खाली वाकून दोन्ही जेट, म्हणजे पेट्रोल जिथून वर येतं त्या नळ्या, बोटाने वर दाबून बघा. एचएस४ मध्ये चोक ओढला की जेटच खाली येतो आणि मिक्स्चर घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. केबल अडकली, दांडी वाकली किंवा जेटची प्लॅस्टिक नळी कडक झाली, की एक जेट मिलिमीटरभर खालीच राहतो. बोटाने दाबल्यावर ‘टक्’ करून तो वर गेला तर तुमचा रोग सापडला. मागच्या कार्बमध्ये हे जास्त घडतं, निदान माझ्या पाहण्यात तरी. सांधे साफ करा, थेंबभर तेल घाला, केबलला थोडी ढील द्या.

मग दोन्ही डॅशपॉटच्या (कार्बवरच्या घुमटांच्या) डोक्यावरची झाकणं उघडा. झाकणाला लटकलेली दांडी म्हणजे डॅम्पर, आणि तो तेलात बुडालेला असायला हवा. झाकण आटे लागायच्या साधारण पाव इंच आधी हाताला अडथळा जाणवला तर तेल पुरेसं आहे. नसेल तर २० ग्रेडचं तेल घाला. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात साधं २० डब्ल्यू ५० इंजिन ऑइलही चालतं. दोन्ही बाजूंना तेल मात्र एकच हवं. पाय दाबल्यावर येणारी ‘फट्’ बऱ्याचदा या कोरड्या डॅम्परचीच असते.

कारण समजायला कार्बची रचना थोडी सांगतो. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किनर बंधूंनी हा कार्ब काढला. घरचा धंदा पादत्राणांचा, त्यामुळे पहिल्या कार्बमध्ये पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. पुढे भात्याचा पिस्टन झाला, पण काम भात्याचंच राहिलं. इंजिन जितकी हवा ओढेल तितका तो वर उचलला जातो, आणि त्याला खाली जोडलेली निमुळती सुई जेटमधून तितकीच वर सरकते. पाय अचानक दाबला की पिस्टनने सावकाश वर यायचं असतं, म्हणजे तेवढ्यापुरता पेट्रोलचा हिस्सा वाढतो. डॅम्परमध्ये तेल नसेल तर पिस्टन टुणकन वर जातो, नुसतीच हवा आत शिरते आणि इंजिन खोकतं.

आता एअर फिल्टर काढून पिस्टन बोटाने पूर्ण उचला आणि सोडा. खाली पडताना धातूवर धातू आपटल्याचा स्वच्छ ‘खट्’ यायला हवा, दोन्हीकडे सारखा. आवाज आला नाही किंवा पिस्टन मधेच रेंगाळला, तर एकतर आत चिकटा आहे नाहीतर सुई जेटला घासतेय. डॅशपॉट काढा. त्याआधी दोन्हींवर खूण करा, कारण डॅशपॉट आणि पिस्टन ही कारखान्यात जुळवलेली जोडी असते. याचा पिस्टन त्याच्यात गेला की नवं दुखणं सुरू. पेट्रोलने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको. तेल फक्त मधल्या दांडीला, बाहेरचा मोठा घेर कोरडाच ठेवा.

इग्निशन चालू करा, पण गाडी सुरू करू नका. मागच्या चाकाजवळचा पेट्रोल पंप टकटक करेल आणि फ्लोट भरले की थांबेल. तो थांबतच नसेल तर कुठेतरी पेट्रोल वाहतंय, नाहीतर पंप टाकीकडून हवा ओढतोय. कार्बच्या ओव्हरफ्लो नळीतून थेंब पडत असतील तर सुईव्हॉल्व्हखाली कचरा आलाय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोट चेंबरला दोन टपल्या मारा, बरेचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर किल्ली बंद. या इंजिनात कार्ब आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत आणि कार्ब वर आहे. पडणारा थेंब कुठे जातो ते सांगायला नको. अशी गाडी ‘घरापर्यंत नेतो’ म्हणत चालवू नका, टो करा. मी अग्निशामक सिलिंडर पॅसेंजर सीटसमोर ठेवतो, डिकीत नाही.

कार्बच्या नावावर इग्निशनची बिलं

यावर जास्त लिहीत नाही. टॅपेटची फट थंड इंजिनला १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पॉइंट १४ ते १६ थाऊ, प्लग २५ थाऊ. टायमिंग तुमच्या इंजिन नंबरप्रमाणे पुस्तकात बघा. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलत असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक फेरीला बदलतो आणि आयडलिंग झोके घेतं, हुबेहूब कार्ब बिघडल्यासारखं. रोटर आणि कंडेन्सर नवे आहेत म्हणून त्यांना सोडू नका. हल्ली मिळणारे काही नवे कंडेन्सर पन्नास वर्षं जुन्यांपेक्षा लवकर मरतात. चालू अवस्थेतला जुना कंडेन्सर मी कधीच फेकत नाही.

हवा कुठून घेतेय?

‘सेट केलं की आठवड्याने परत तेच’ म्हणणाऱ्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलंय. चोरवाटेने हवा शिरते, मिक्स्चर पातळ होतं, मालक जेट खाली करून ते घट्ट करतो. आयडलिंग बरं वाटतं, पण आता हायवेवर गाडी पेट्रोल पिते आणि प्लग काळे करते. मग जेट परत वर. वर्षभर हाच खेळ.

१९६४ ते १९६८ दरम्यानच्या गाड्यांना इनटेक मॅनिफोल्डवर (कार्बमधून इंजिनात जाणारा पाइप) अळंबीसारखा दिसणारा एक ब्रीदर व्हॉल्व्ह असतो, वर तारेची क्लिप. त्याच्या आत रबरी पडदा असतो. आयडलिंगवर इंजिनचं तेलाचं झाकण काढून बघा. वेग शे-दोनशेने वाढला तर व्हॉल्व्ह ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर पडदा फाटलाय किंवा अडकलाय. एका मित्राच्या गाडीचा मागचा कार्ब दोन वर्षांत तीन जणांनी ट्यून केला होता. क्लिप काढली तर पडद्याला नखाएवढी चीर. नवा पडदा टाकला आणि मग सगळ्यांनी फिरवून ठेवलेले नट मूळ जागी आणले. १९६९ नंतरच्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह नाही, ब्रीदरच्या नळ्या थेट कार्बला जातात. तिथे तेलाचं झाकण चुकीचं, म्हणजे मोकळं हवेशीर असलं तरी हाच त्रास होतो.

मग ब्रेक सर्व्होची (ब्रेकला जोर देणारा भाग) नळी असेल तर ती, आणि कार्ब व मॅनिफोल्डमधली गॅस्केटं. स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत सगळीकडे दाखवतात, मी ती तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर कधीच करत नाही. तेलाच्या बुधलीने सांध्यावर पातळ तेलाचा थेंब सोडा. इंजिनचा सूर बदलला तर वाट तिथेच आहे.

शेवटी थ्रॉटलचा स्पिंडल, म्हणजे पाय दाबला की हवेची झडप फिरवणारी दांडी. त्याचं टोक दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. फिरायला हवा, डुगडुगायला नको. डुगडुगला आणि तिथे तेलाचा थेंब सोडताच आयडलिंग सुधारलं, तर स्पिंडल आणि त्याचं भोक झिजलंय. अशा कार्बचं ट्यूनिंग होत नाही. आज बसवलेली सेटिंग उद्या राहत नाही, कारण स्पिंडल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. थ्रॉटलच्या पितळी चकतीवर स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असेल तर तोही बघा. तो नीट मिटला नाही की आयडलिंग खाली येतच नाही. मी माझ्याकडे आलेल्या जोड्यांत साध्या चकत्या घातल्या आणि मोकळा झालो.

आता ट्यूनिंग

वरचं सगळं झालं असेल तरच. इंजिन पूर्ण तापलेलं हवं, एअर फिल्टर काढलेले, दोन कार्बना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प ढिले, म्हणजे प्रत्येक थ्रॉटल स्वतंत्र. नवी सुरुवात करायची तर दोन्ही जेट नट वर नेऊन जेट ब्रिजच्या (कार्बच्या गळ्यातला उंचवटा) पातळीला आणा आणि तिथून बारा फ्लॅट (नटाच्या बाजू) खाली, म्हणजे षटकोनी नटाचे दोन पूर्ण फेरे.

आधी हवा सारखी करायची. मीटर मिळतो, पण मला पाऊण मीटरची रबरी नळीच बरी वाटते. एक टोक कानाशी, दुसरं कार्बच्या तोंडात, दर वेळी त्याच जागी. दोन्हीकडची सूं-सूं एका पट्टीत आली पाहिजे. ज्याचा आवाज मोठा त्याचा आयडल स्क्रू थोडा सोडा, दुसऱ्याचा थोडा आवळा. ज्याला तंबोरा जुळवता येतो त्याला हे पाच मिनिटांत जमेल. आयडलिंग आठशेच्या आसपास ठेवा.

मग मिक्स्चर. प्रत्येक कार्बच्या बाजूला पिस्टन उचलायची छोटी पिन असते. ती इतकीच दाबा की पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलला जाईल. वेग वाढला आणि वाढूनच राहिला तर मिक्स्चर घट्ट आहे, नट एक फ्लॅट वर. इंजिन लगेच पडायला लागलं तर पातळ, नट एक फ्लॅट खाली. क्षणभर किंचित चढून पुन्हा जागेवर आलं तर थांबा. एका वेळी एकच फ्लॅट, आणि दर दोन-तीन मिनिटांनी इंजिन अडीच हजारांवर अर्धा मिनिट रेस करा. नाहीतर प्लग ओले होतात आणि तुम्ही चुकीचं वाचता. एक कार्ब बदलला की दुसरा पुन्हा तपासायचा, मग परत हवा. दोन-तीन आवर्तनं होतातच.

क्लॅम्प आवळताना दोन्ही थ्रॉटल एकदमच उघडतील असं बघा, आणि आयडलिंगला दांडीला १२ थाऊची मोकळीक ठेवा. इथे घाई केली की आयडलिंग सुंदर आणि पाय दाबला की धक्का.

पेट्रोलबद्दल एक. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, भारतात आता बहुतेक पंपांवर ई-२०. इथेनॉलमुळे मिक्स्चर पातळ पडतं. ई-१० वर माझ्या गाडीला पुस्तकापेक्षा दीड-दोन फ्लॅट खाली जावं लागलं, ई-२० वर आणखी जावं लागेल. त्याहून महत्त्वाचं, जुन्या रबरी नळ्या आणि जेटखालची छोटी रबरी सीलं इथेनॉलने आधी फुगतात, मग तडकतात. तारखेची वाट न बघता ती बदला.

नवे कार्ब घ्यावेत का?

स्पिंडल झिजलेला निघाला की हा प्रश्न येतोच, आणि लगेच कुणीतरी वेबर कार्ब सुचवतो. ४५ डीसीओई हा वेबर दिसायला देखणा आहे आणि पाय दाबल्यावर येणारा आवाज ऐकून मोह होतो, हे मान्य. पण बी-सीरीजला तोंडं दोनच, त्यामुळे इथे एकच वेबर लागतो. त्यात जेट, एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, चोक सगळं तुमच्या इंजिनाप्रमाणे बसवावं लागतं. कॅम आणि हेड बदललेलं इंजिन असेल तर जरूर विचार करा. मूळ इंजिनावर तो लावून पदरात पडतो तो मुख्यतः पेट्रोलचा खर्च. डाउनड्राफ्ट वेबर सोपा आहे, बॅलन्स करायची कटकट नाही, पण वरच्या वेगाला गाडी मला आळशी वाटते. माझं मत: मूळ जोडीला बुश (स्पिंडलभोवतीच्या नव्या कड्या) बसवून घ्या, किंवा बजेट असेल तर नवी घ्या. सॉल्सबरीची बर्लेन आजही एसयू बनवते, सुया आणि स्प्रिंगांसकट.

कुठे थांबायचं

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली, किंवा शेजारचे दोन एकदम खाली असतील तर कार्ब विसरा. व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट आहे, इंजिनवाल्याकडे जा.

स्पिंडलचे बुश घरी बसवायच्या फंदात पडू नका. बॉडीतली दोन भोकं एका रेषेत रीम (आतून कातून मोठी) करावी लागतात. हँड ड्रिलने केलेली एक जोडी माझ्याकडे आली होती, तिचे थ्रॉटल मिटायचेच नाहीत. हे मशीन शॉपचं काम.

मोकळे फिल्टर, मोठा एक्झॉस्ट किंवा वेगळा कॅम बसवला असेल आणि आयडलिंग ठीक असूनही तीन हजारांच्या वर गाडी अडखळत असेल, तर दोष सुईच्या निमुळतेपणात आहे. नट फिरवून सुईचा आकार बदलत नाही. योग्य सुई अंदाजाने सापडत नाही, त्यासाठी रोलिंग रोड (गाडी जागीच पळवून तपासायचे रूळ) असलेला, एसयूची सवय असलेला माणूस गाठा. जाण्याआधी फोनवरच विचारा, सुयांची पेटी जवळ आहे का. नसेल तर तोही नटच फिरवणार.

आणि काम संपल्यावर दोन्ही नट ब्रिजपासून किती फ्लॅट खाली आहेत, कोणतं तेल घातलं, कोणतं पेट्रोल होतं, हे तारखेसकट कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. माझ्या कागदावर सध्या आहे: पुढचा चौदा, मागचा साडेतेरा.